डाव्या होडीचं माप

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ताईकडे तुमचं बस्तान बसलं आणि खोलीच्या खिडकीतून तळं दिसतं, हे वाचून बरं वाटलं. तिने तुमचा चहा निम्म्यावर आणल्याची तक्रारही वाचली, पण त्या बाबतीत माझ्याकडून मदतीची आशा ठेवू नका. तिच्यापुढे माझी डाळ आजवर कधी शिजली आहे?

आता होडीचं. तुमच्या दुकानामागची शेड मार्चअखेर रिकामी करून द्यायची आहे, म्हणून रविवारी कंबर कसून कामाला लागलो. मधले दांडे आणि जाळी सोडवली आणि डावी-उजवी अशा दोन्ही होड्या सुट्या करून लाकडी घोड्यांवर ठेवल्या. ट्रेलरचा सांगाडा कोपऱ्यावरच्या वेल्डरने करून दिला. तो आत आला आणि बघतच राहिला. तुमच्यासारख्या शिंप्याने प्लायवूडचे तक्ते कापडासारखे बेतून, तांब्याच्या तारेने टाके घालून आणि शिवणीवर राळ नि फायबरची पट्टी चढवून जोडहोडी बांधली, हे त्याला खरंच वाटेना. मी त्याला उजवीच्या पोटाखाली वाकायला लावून शिवण दाखवली. इतकी सरळ शिवण आपल्या शर्टालाही नाही, असं म्हणाला. पाण्यात कशी चालते, असं त्याने विचारलं तेव्हा मात्र मला सांगावं लागलं की तिने अजून पाणीच पाहिलेलं नाही.

ट्रेलरचे आडवे गज सपाट आहेत आणि होड्यांची पोटं गोल. तेव्हा प्रत्येक होडीखाली एक पुढे आणि एक मागे असे पाळणे करायचे आहेत. जाड प्लायवूडला वरून पोटाच्या आकाराची खोबण कापायची आणि तिच्यावर गालिच्याची पट्टी चिकटवायची. येत्या रविवारी कागदावर आकार उतरवून घेतो. कारखान्यात मी दिवसभर एकावर एक रचलेल्या कापडाच्या थप्प्या कापतो, तिथे चार पाळण्यांचं काय मोठंसं! महिनाअखेर होडी तुमच्या खिडकीखाली आणून उभी करतो की नाही बघा.

औषधं वेळेवर घ्या. ताईला नमस्कार सांगा, आणि माझ्यावरची माया चहासारखी निम्म्यावर आणू नका.

तुमचा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर लावून घे. हे पेन ताईला औषधाच्या दुकानात कुणीतरी फुकट दिलेलं आहे आणि ते तसंच चालतं.

पाळणे म्हण की बैठका म्हण, पण दोन गोष्टी लक्षात ठेव. होडीच्या आत जिथे आडवी फळी बसवली आहे, बरोबर तिच्याखालीच बैठक आली पाहिजे. मधल्या पोकळ जागी आली तर सगळा भार नुसत्या कातड्यावर, म्हणजे बाहेरच्या पातळ तक्त्यावर येईल. दुसरी गोष्ट, उजवीचं माप वेगळं घे आणि डावीचं वेगळं घे. उरलेली तांब्याची तार शेडच्या फळीवर आहे. ती पोटाला लावून वाकव, अलगद काढ आणि कागदावर ठेवून रेघ मार. तुमच्या कारखान्यात कापडाला घडी घालून एका मापावर दोन्ही बाजू कापतात, तसलं काही तिथे करू नकोस. दोन्ही खांदे मोजल्याशिवाय मी कुणाचा कोट बेतलेला तू पाहिला आहेस का? ज्याला त्याला वाटतं आपले खांदे सारखे आहेत. होडीचंही तसंच समज आणि जास्त विचारू नकोस.

बैठका झाल्या की होड्या नुसत्या टेकवून ट्रायल घे आणि खाली वाकून बघ. कुठे उजेड दिसता कामा नये.

तळं रोज बघतो. सकाळी पाण्यावर काही नसतं तेव्हा वाटतं, एकदा आपल्या होडीत बसून त्या टोकापर्यंत जाऊन यावं. वल्हं तू मार, मी नुसता बसेन. फार लांबवू नकोस एवढंच म्हणतो. घाईही करू नकोस, हेही म्हणतो. दोन्ही कसं जमवायचं ते तुझं तू बघ.

सूनबाईला आशीर्वाद. तुम्ही दोघं सुखात आहात असं समजून मी इथे निर्धास्त असतो, तसाच असू द्या.

तुझे,
बाबा

२४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घाईत दोन ओळी लिहितो. होडी आणायला थोडा उशीर होईल. ट्रेलरचं एक चाक डुगडुगतं आहे आणि वेल्डर गावाला गेला आहे. तेवढ्यात डावीची मागची बैठक जराशी सुधारून घेतो. किरकोळ आहे. बाकी सगळं तुम्ही सांगितलं तसंच चाललं आहे. काळजी नसावी.

तुमचा,
धाकटा

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या औषधाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे, घरी बाबांच्या हाती पडू नये म्हणून. त्यांनाही आजच एक लिहिलं आहे. ते वाचलंस तर तुला वाटेल सगळं आलबेल आहे. तसं ते नाही, ताई. डावी होडी फुटली.

लांबच्या प्रवासाआधी एक चक्कर मारून बघावी म्हणून वेल्डरच्या गाडीला ट्रेलर जोडला आणि दोन गल्ल्या फिरवून आणला. बाजाराच्या वळणावर गतिरोधक आहे, तिथे मागून कडकन आवाज आला. उतरून पाहिलं तर डावीच्या पोटाला मागच्या पाळण्याच्या कडेवर चीर गेली होती. आडव्या फळीपासून शिवणीपर्यंत. मी वाकून तिच्यावरून बोट फिरवत राहिलो. भाजीवाले जमले आणि काय झालं विचारू लागले, तेव्हा मी चाक ढिलं झाल्याचं सांगितलं. वेल्डर माझ्याकडे बघत होता. चाकं त्यानेच बसवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता खरं सांगतो. बाबांनी दोन्ही होड्यांची मापं वेगवेगळी घे म्हणून लिहिलं होतं. मी उजवीचंच घेतलं. पाळण्याचा कागद कापला, तोच उलटा केला आणि डावीचे पाळणे त्यावर काढले. सवयच तशी पडली आहे. कारखान्यात बाही एकदाच काढतात, दुसरी तिच्यावरूनच कापतात. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय, कोटाचे नियम होडीला लावताहेत. त्यांचं पत्र खिशात होतं ताई, आणि तरी मी असं केलं.

त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. आई गेल्यावर त्यांनी या होडीशिवाय दुसरं काय केलं? दुकान ओसरत गेलं आणि ते मागच्या शेडमध्ये बसून राहिले. मी दर रविवारी जायचो आणि चहा पिऊन परत यायचो, एवढीच माझी त्यात भर. एकदाच काहीतरी नीट करून दाखवायचं ठरवलं होतं. मी चीर बुजवतो, वरून रंग देतो आणि काही झालंच नाही असं करून होडी घेऊन येतो. तू तेवढी सांभाळून घे.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी पत्र पाठवायचं थांबवू नकोस.

तुझा,
धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आज ते कसेबसेच लिहिले आहेत, हे समजून घे.

घाईराव, तुझं पत्र दुकानात गिऱ्हाईक समोर असताना फोडलं आणि खोकल्याच्या बाटलीऐवजी मलमाची डबी देऊन बसले. तू चूक केलीस ती केलीस. पण मला तुझ्या खोट्यात कशाला ओढलंस? बाबांच्या समोर ताटावर बसते तेव्हा माझी मान वर होत नाही. परवा त्यांनी नुसतं मीठ मागितलं तर मी दचकले. तुझ्या भावोजींनी विचारलं की बाबांचं काही चोरलं आहेस की काय.

आणि ऐक, हे सगळं फुकट गेलं. तुझं ते 'घाईत दोन ओळी'चं पत्र बाबांनी वाचलं आणि खिडकीशी जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी न बघताच विचारलं, डावी मोडली ना? मी काही बोलले नाही, तेवढ्यानेच त्यांना कळलं. तू चाकाचं लिहिलंस, वेल्डरचं लिहिलंस, पण 'डावी' हा शब्द लिहायला नको होतास.

मला वाटलं आता तुझ्या नावाने खडे फोडणार. मी तुझी बाजू घ्यायच्या तयारीने बसलेही. तर ते म्हणाले, त्याचा काय दोष, डावी माझ्याच हातून बिघडली होती.

धाकट्या, त्यांचे हात कापतात. आपल्याला कसं दिसलं नाही रे? तू दर रविवारी जायचास आणि मी सणासुदीला माहेरी यायचे, आणि दोघांनीही त्यांच्या हातात कप दिला. आता आठवतं, ते कप कधी उचलायचे नाहीत, वाकून तोंडच कपाशी न्यायचे. इथे आल्यावर मी यांच्या शर्टाला बटण लावायला दिलं तर चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोळ्यांवर होता. आणि मी हसले.

उजवी होडी बांधली तोवर हात ठीक होते म्हणे. डावीच्या वेळी टाके इकडे तिकडे जायला लागले, तार ओढताना तक्ता सरकला आणि पोट जरा फुगून खाली आलं. उसवून परत करायचं त्राण त्यांच्यात राहिलं नाही. त्यांनी वरून राळेचा जाड थर भरला, घासून गुळगुळीत केला आणि रंग दिला. माणसं आली की उजवीच दाखवायचे. तू वेल्डरला उजवीच दाखवलीस, कारण तुलाही बाबांनी नेहमी तीच दाखवली होती. तुला दोन मापं घे म्हणून लिहिलं, पण का ते लिहायला हात धजला नाही, असं म्हणाले. सबंध आयुष्यात एक शिवण वाकडी गेली आणि ती मी मुलापासून लपवली, असं म्हणून रडले. मी त्यांना असं रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

यातलं तुला काही सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे. आणि तूही बजावलं आहेस. तेव्हा मी ठरवलं की कुणाचंच ऐकायचं नाही. एकाच चिरेवरून तुम्ही दोघं दोन टोकांना माना खाली घालून बसणार आणि मी मधे वाती वळत बसू का?

एक विचारते, त्याचं उत्तर मला नको, त्यांना दे. त्यांनी ट्रायल घ्यायला सांगितली होती ना? खाली वाकून उजेड बघायला? मग तुला तो दिसला नाही का?

माया आहे म्हणूनच एवढी कडक लिहिते. पुढचं पत्र मला नको, घरच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने येऊ दे.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. आता जसं उतरेल तसं पाठवतो.

चाक डुगडुगत नव्हतं आणि वेल्डर कुठे गावाला गेला नव्हता. डावी माझ्यामुळे फुटली. तुम्ही सांगूनसुद्धा मी एकाच होडीचं माप घेतलं आणि कागद उलटा करून दुसरीचे पाळणे कापले. हे मी ताईला कबूल केलं होतं. पण एक गोष्ट तिलाही सांगितली नाही, आणि तीच मला जास्त खाते आहे.

मी ट्रायल घेतली होती, बाबा. डावी पाळण्यावर टेकवली, खाली वाकलो आणि मला उजेड दिसला. मधे पोट टेकलेलं, आणि दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट. होडी किंचित डुलतही होती. त्या वेळी पाळणा काढून पुन्हा कापला असता तर सगळं निभावलं असतं. पण रविवारची सुट्टी संपत आली होती, वेल्डरला गाडी घेऊन बोलावलं होतं, आणि मला तुम्हाला तारीख पाळून दाखवायची होती. मी दुकानात गेलो, चिंध्यांचं पोतं उघडलं आणि त्या फटीत चिंध्या कोंबल्या. तुमच्या कोटांच्या अस्तरांच्या चिंध्या. त्यांच्यावर गालिचा चिकटवला आणि पुन्हा वाकून पाहिलं. उजेड दिसत नव्हता. मनाला सांगितलं की झालं.

गतिरोधकावर चिंध्या दबल्या, होडी कलली आणि सगळा भार पाळण्याच्या एका टोकावर आला. फुटली तेव्हा अस्तराचं एक निळं टोक गालिच्याखालून बाहेर आलं होतं. लोक जमले होते. ते कुणाला दिसू नये म्हणून मी आधी ते आत सारलं आणि मग चीर पाहिली. हे लिहितानासुद्धा कान तापतात.

वेल्डरकडे जाऊन मी माफी मागितली. बाजारात त्याच्या कामाला नाव ठेवलं होतं ना. त्याने एवढंच विचारलं की वडिलांना सांगितलंस का. म्हणून आधी त्याच्या दुकानाच्या बाकावर बसून पत्राचा पहिला कागद लिहिला. तो फाटला ते वेगळं.

आता झालेलं काम सांगतो. चिरेच्या कडा साफ केल्या, आतून फळीला जोड दिला आणि बाहेरून फायबरची पट्टी दोन थरांनी चढवली. जुने पाळणे मोडले. तार वाकवून डावीची दोन मापं घेतली, पुढची आणि मागची, आणि मग उजवीचीही परत घेतली. चार कागद झाले. डावीचं पोट उजवीपेक्षा जरा उतरतं आणि भरदार आहे. तिला तासून उजवीसारखं करायचं माझ्या मनातही आलं नाही. पाळणेच तिच्या अंगाबरोबर कापले. होडी टेकवली आणि वेल्डरला बोलावून त्यालाही वाकायला लावलं. उजेड नाही, चिंधी नाही, आणि हलवली तर हलत नाही.

बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच आणतो. आता माझ्यावर विश्वास ठेवून तिच्यात बसायला सांगायचं मला तोंड नाही. माझ्या नावापुढे आशीर्वाद लिहावासा वाटला तर लिहा, नाहीतर नुसतं पोस्टकार्ड चालेल.

तुमचा,
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. नुसत्या पोस्टकार्डात ते मावले नसते.

अक्षर बघून घाबरू नकोस. हे अक्षर ताईचं आहे, शब्द माझे आहेत. मी सांगतो आणि ती लिहिते. मधेमधे स्वतःचं काही घालत असेल तर मला दिसणार नाही, कारण ती कागद झाकून बसली आहे. (नाही झाकलेला. ताई.)

मागच्या पत्रात पेन खराब असल्याचं लिहिलं होतं. पेन चांगलं आहे. हात खराब आहेत. ताईने तुला सांगितलं आहे हे मला ठाऊक आहे, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. (राहतं.) तरी मी सांगायला हवं म्हणून सांगतो. डावीचे टाके वाकडे गेले तेव्हा माझ्या हातातली सुई संपली हे मला कळलं होतं. गिऱ्हाइकाने चुकीचा कोट परत आणला तर लाज वाटते, पण तो उसवता येतो. हात उसवता येत नाही. मी राळ भरली आणि घासत बसलो. तू चिंध्या भरल्यास ते वाचलं तेव्हा आधी फार वाईट वाटलं. मग ताईला म्हटलं, हा पोरगा माझाच आहे.

तुला दोन मापं घे म्हणालो आणि कारण गिळून टाकलं. कारण सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. म्हणजे चिरेत माझाही वाटा आहे. सगळी आपल्याकडे ओढून घेऊ नकोस, वडिलांच्या वस्तूवर असा हक्क सांगू नये.

तू चार कागदांचं लिहिलंस ते ताईने वाचून दाखवलं. मी तिला ते परत वाचायला लावलं. डावीला तासली नाहीस, बैठक तिच्याजोगी केलीस. मी एवढी वर्षं लोकांना हेच करून दिलं. कुणाचा खांदा उतरता असेल तर त्याला सरळ उभा राहा म्हणून कधी सांगितलं नाही, कोटच तसा बेतला. माझ्या डावीवर मात्र मला तेवढी दया आली नाही.

होडी घेऊन ये. वेल्डरलाही आण. त्याला या वेळी डावीची शिवण दाखव, माझ्यादेखत. मी बाजूला उभा राहीन आणि पळून जाणार नाही. मग पाण्यात घालू. तू उजवीकडे बस, मी डावीकडे बसतो. डुलली तर दोघं मिळून डुलू. चहा ताई देईल तेवढाच, पण कप या वेळी तू धर आणि मला पाज. इथे कुणाला दिसलं तर दिसू दे.

आणखी काही सुचत नाही. तुम्ही सगळी माणसं माझ्याशी अशीच नीट वागा, मला सवय व्हायला वेळ लागेल. खालची सही मी स्वतः करतो आहे. ती वाकडी आली आहे. ताई म्हणते दुसऱ्या कागदावर पुन्हा कर, पण राहू दे.

तुझे,
बाबा